फकीर भिश्तीने भिजवलेला पडदा

हसा, हसा लेको! बोलपट बघून आलात ना? भूत गाणं म्हणतंय, भूत पेटी वाजवतंय, आणि तुम्ही मला सांगताय भ्यालो म्हणून! अरे, जे बोलतं त्याला काय भ्यायचं? त्याला विचारता तरी येतं, बाबा रे, तुला हवंय काय. आमचा मुका सिनेमा तोंड उघडायचा आणि आवाज यायचा नाही. तो आवाज ज्याने त्याने आपल्या पोटातून घालायचा. म्हणून तर तंबूत एकदा घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढायचा.

जहीर, बिडी विझव आणि नीट बस. या दलपत शिंप्याने उभ्या जन्मात कापड कमी केलं असेल, पण गोष्ट कधी वाढवली नाही.

सन सत्तावीसचा हिवाळा. टेसनापलीकडच्या पटांगणात सिनेमाचा तंबू लागला. मालकाने आमच्या शेजारच्या फकीर भिश्तीला बोलावणं धाडलं, पडदा भिजवायला ये म्हणून. तुम्हाला हे ठाऊक नसेल. पुरुष पडद्याच्या पुढे बसायचे आणि बाया मागे. कापड ओलं असेल तरच मागच्या बाजूने चित्र दिसायचं. मग खेळाआधी आणि मधे मधे फकीरने चामड्याच्या मशकीतून पाणी मारत राहायचं. काम हलकं होतं, फकीर खुशीत गेला.

पहिल्याच खेळात तो पाणी मारता मारता थिजला.

सिनेमा भुताचा होता. एक कंजूष सावकार, आणि त्याच्या दारी येणारी मेलेली पोर. पांढरं लुगडं, सुटी वेणी. अंधारातून ती सरळ आपल्याकडे चालत यायची, अगदी पडदाभर व्हायची, ओठ हलवायची आणि नाहीशी व्हायची. ती पोर फकीरची गुलशन होती.

अरे, भूत म्हणून नाही! दीड-दोन वर्षांपूर्वी हा सिनेमा काढणारी मंडळी तापीकाठी प्रकाशा गावाला आली होती. फकीर त्यांना पाणी भरायचा. त्यांना एक लहान पोर हवी होती, याने हौसेने आपली उभी केली. पुढच्याच पावसाळ्यात घरात ताप शिरला. गुलशन गेली. आई अख्तरबानो त्याच तापात बेशुद्ध. पोरीला मातीत ठेवून आले तेव्हाही तिला शुद्ध नव्हती. शेवटचं तोंडसुद्धा तिला पाहायला मिळालं नाही. फोटो? आमच्या गल्लीत फोटो कोणाचा होता रे!

शुद्धीवर आल्यापासून बाईचं एकच. दिसेल त्याला म्हणायची, "मन्ही पोरनं तोंड कसं व्हतं हो? माले आठवत नही." सख्ख्या आईला पोरीचा चेहरा आठवेना.

फकीर धावत घरी गेला. दुसऱ्या दिवशी तिला बायांच्या बाजूला आणून बसवलं. पोर पडद्यावर आली. पुढे पुरुष ओरडले, मागे बायांनी किंकाळ्या फोडल्या. लोक भ्यायला आलेले, भ्याले आणि खूश झाले. फकीर मात्र ढसाढसा रडत होता. खेळ सुटल्यावर तो मागे गेला. अख्तरबानो तशीच बसलेली.

"दखी का?"

"पाठ दखी," ती म्हणाली. "नुसती पाठ."

आता हे कसं व्हावं? दोन्हीकडून चित्र एकच दिसतं, फक्त डावं उजवीकडे जातं. शेजारच्या फुलवंताबाईने तर पोरीचं तोंड पाहिलं होतं, तिला रात्री झोप आली नव्हती. पण अख्तरबानोला पाठच दिसायची. रोज. पोर तिच्यापासून दूर चालत जायची. रोज ती येऊन बसायची, आणि रोज तेच.

बाई वाळत चालली. अन्न सुटलं. "ती मन्हावर रागे भरेल शे," म्हणायची. "मी तिले वाटे लावाले उठनू नही ना."

अन् मग शेवटचा खेळ आला. मंगळवार. पौष अमावास्या. सकाळी तंबू उठून गुजरातेत जायचा होता.

मी यंत्राला खेटून बसलो होतो. यंत्र फिरवणारा सुरतेचा सलाउद्दीन. हाताने दांडा फिरवायचा बिचारा. फकीर खांद्यावर भरलेली मशक घेऊन आला आणि त्याने सलाउद्दीनचे पायच धरले.

"ती उनी का एक डाव थांबाड ना भाऊ. मन्ही पोर शे ती. तिनी माय मांगे बठेल शे. एक डाव तिले तोंड दखू दे. मंग माले मारी टाक."

"अरे फकीर, दांडा थांबला तर फीत पेटेल. ही फीत म्हणजे बारूद आहे."

"थांबाड रे... तुन्हा पाया पडस..."

सलाउद्दीनलाही मुली होत्या.

पोर आली. अंधारातून. जवळ. आणखी जवळ. पडदाभर झाली...

दांडा थांबला.

पोर थांबली. आमच्याकडे बघत. ओठ अर्धे उघडे.

मागून अख्तरबानोचा आवाज आला. "पाठच शे... पाठच शे वं माय..."

मग पडद्यावरच्या पोरीच्या कपाळावर तपकिरी डाग उमटला. पसरला. यंत्रातून भडका उठला. सलाउद्दीनने फीत ओरबाडली, त्याचे हात भाजले. लोक उठले, पळाले. "फकीर! पाणी! इकडे पाणी टाक!" मीच ओरडलो.

फकीरने यंत्राकडे पाहिलं. मग तो पडद्याकडे धावला. आणि अख्खी मशक त्याने पडद्यावर रिकामी केली.

कापड भिजलं. वरून खालपर्यंत.

यंत्र जळत होतं. दिवा फुटला होता. पडद्यावर काही दिसायचं कारण नव्हतं.

पोर होती.

देवाशपथ सांगतो... होती. उभी.

आणि ती वळली.

हळू... खांदा आधी... मग मान. आमच्याकडे तिची वेणी आली. ओल्या कापडापलीकडून...

"उनी का वं माय?"

अख्तरबानो बोलली. किंकाळी नाही. पोर खेळून घरी आल्यावर आई 'आलीस का गं' म्हणते, तसं.

मग अंधार.

माणूस एकही दगावला नाही. चार जणांनी माती टाकून आग विझवली. अख्तरबानोला धरून घरी नेलं. त्या रात्री ती भाकर जेवली. पुढे वीस वर्षं जगली, आणि गुलशनचं नाक असं, हनुवटी अशी, हे गल्लीतल्या बायांना सांगत राहिली.

फकीर मात्र तिथेच बसला होता. पहाटे सलाउद्दीनने भाजक्या हाताने राखेतून फितीचा एक तुकडा काढला. चार बोटांएवढा. पोरीचाच. फकीरच्या हातात ठेवून म्हणाला, "ठेव. तुझी आहे."

फकीरने तो कंदिलासमोर धरला. मी खांद्यावरून वाकून पाहिलं. लहान लहान चित्रं, एकाखाली एक.

सगळ्यांत ती पाठमोरी होती.

सलाउद्दीनने तुकडा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. कितीदा तरी. फकीर कंदिलाला आणखी जवळ सरकला आणि त्या एवढ्याशा पाठीला हलक्या आवाजात म्हणाला, "बेटी... आता मन्हाकडे फिर ना."