ऊमोचं आभाळ

२०७१ सालच्या जानेवारीत रत्नागिरीकरांना एक कोडं पडलं. आभाळ स्वच्छ होतं, तारे खच्चून भरले होते, आणि परग्रहावरून आलेला ऊमो विचारत होता, “तुमच्याकडे तारे कधी निघतात?”

ऊमोचं यान तीन महिन्यांपूर्वी समुद्रात बुडालं होतं. त्याला न्यायला दुसरं यान कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर आपल्या ग्रहाचा सूर्य एकदा लांबून तरी दिसावा, एवढंच त्याचं मागणं. म्हणून स्वागत समितीनं त्याच्यासाठी काचेच्या छताची खोली बांधली, फीत कापली, तीन भाषणं केली. ऊमो तासन्‌तास छताकडे बघत बसे आणि जेवायला नको म्हणे.

“एवढी महागडी काच, आणि तोंड बघा याचं!” समितीचे अध्यक्ष खानविलकर म्हणाले.

शेजारच्या अकरा वर्षांच्या शलाकाला राहवेना. तिनं ऊमोला घरी आणलं. आई नुकतीच कामावर गेली होती. ऊमो तिच्या खुर्चीवर बसेना.

“रिकामी आहे की!”

“तुझी आई अजून थोडी आहे इथं,” ऊमो म्हणाला. “आता विझत चाललीय.”

शलाकानं खुर्चीवरच्या उशीला हात लावला. उशी कोमट होती.

“आजोबा! याला ऊब दिसते!”

आजोबांनी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आपणहून कुणी प्रश्न आणायची त्यांना सवय नव्हती. ते लगबगीनं उठले आणि त्यांनी फोटोच्या चौकटीतली काच काढून चेहऱ्यासमोर धरली.

“ऊमो, मी कुठाय?”

“भिंतीमागे.”

“बघ शलाके! लोलकातून (तिकोनी काचेतून) सूर्यप्रकाशाचे सात रंग निघतात. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी त्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. लाल रंगाच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं, पण पारा तिथंच जास्त चढला. ते अवरक्त किरण (लालपलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश). त्यातले लालाजवळचे किरण काचेतून जातात. आपल्या अंगातून निघतात ते फार लांब लहरींचे. त्यांना साधी काच म्हणजे भिंतच. आणि ऊमोला दिसतात ते तेवढेच.”

“म्हणजे समितीनं त्याच्या आभाळावर झाकण घातलं!”

“फीत कापून.”

“मग अंगणात बसवू या.”

“तिथंही पंचाईत. आपल्या हवेत बाष्प (हवेत विरलेलं पाणी) फार. ते हे किरण शोषतं, आणि स्वतः कोमट असल्यामुळे तसेच किरण सोडतंही. आपल्याला दुपारी तारे दिसतात का? ऊमोला इथं कायम दुपार आहे. उंच, थंड, कोरडी जागा हवी.”

ऊमोनं हळूच विचारलं, “अशी जागा तुमच्याकडे आहे?”

लडाखमधल्या हानलेला जायला समितीनं परवानगी दिली. अट एकच: छताबद्दल बाहेर बोलायचं नाही.

हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर, संध्याकाळी सातला तिघं उघड्यावर उभे राहिले. आजोबांनी तीन टोप्या घातल्या होत्या. ऊमोनं मान वर केली, आणि तो एकेक तारा मोजू लागला. मग कृत्तिकांच्या शेजारी त्यानं बोट दाखवलं. “आमचा सूर्य!”

“तिथं तर नुसता अंधार आहे,” शलाका म्हणाली.

“धुळीचा ढग आहे तो,” आजोबा कुडकुडत म्हणाले. “आपल्याला दिसणारा प्रकाश त्या धुळीत अडकतो. लांब लहरी पार होतात.”

ऊमोनं बोट खाली घेतलं नाही.

“आमचं यान जवळच्या आडवाटेनं आलं,” तो म्हणाला. “प्रकाश सरळ रस्त्यानं येतो, त्याला साडेचारशे वर्षं लागतात. हा उजेड निघाला तेव्हा आमच्या घरातलं कुणीच जन्मलं नव्हतं.”

“मग तू निघालास त्या दिवशीचा उजेड?”

“तो अजून वाटेत आहे. आई अंगणात उभी होती. हात हलवत होती.”

“तो इथं पोचला की आई दिसेल?”

“नाही गं. एवढ्या लांबून माणूस दिसत नाही. पण तिची ऊब त्या उजेडात असेल. चिमूटभर.”

शलाका त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिली.

“आजोबा, साडेचारशे वर्षांनी इथं कुणी असेल?”

“असायला हवं.”

“मग आपण त्यांना कळवून ठेवू. दिशा कुठली, दिवस कुठला.” ती ऊमोकडे वळली. “आणि त्यांनी उलट हात हलवायचा, हेही लिहू. कुठल्या हातानं हलवतात तुमच्यात?”

ऊमोनं आपले चारही हात वर केले.