उद्या न्यायला येते

बाहेरून लावण्याचे

आमच्या दवाखान्यात बाटलीवर चिठ्ठी डकवल्याशिवाय औषध खिडकीबाहेर जात नाही. बाहेरून लावण्याचे. पोटात घेण्याचे. हलवून घ्यावे. मी कंपाउंडर, चिठ्ठ्या मीच लिहितो. लग्नाच्या आधीपासून हे काम करतो आहे आणि चुकीची चिठ्ठी लागलेली बाटली माझ्या हातून अजून गेलेली नाही.

आघाड्यावर कोणती चिठ्ठी लावावी, हे मात्र मला कधी ठरवता आलं नाही.

मांडवीला आमच्या घरामागे जांभ्या दगडाचा गडगा आहे, कुंपणाची बुटकी भिंत. पाऊस मुरला की त्याच्या कडेनं आघाडा वर येतो. लांब, काटक तुरे, आणि तुऱ्यांना खाली तोंड करून बसलेली बारीक बोंडं. जवळून कोणी गेलं की ती लुगड्याचा काठ धरतात आणि घरात येतात. बायका गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा खुडून नेतात, ऋषिपंचमीला त्याच्या काडीनं दात घासतात. विंचू चावला तर मुळी उगाळून लावतात. काटा रुतला तर पाला वाटून बांधतात. काटा आपणहून तोंड दाखवतो म्हणे.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी फुटक्या बाटलीची एक कपची रुतून बसली होती. डॉक्टरसाहेबांनी दोनदा चिरून पाहिलं, हाती लागली नाही. आभाळ भरलं की ती ठणकायची. माझी बायको सगुणा म्हणायची, आघाडा बांधून तर बघा. मी आयोडीन लावायचो.

पोटात घेण्याचे

सगुणेला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. सत्तावीस सालचा आश्विन. सुईण गोदूबाई दोन दिवस आधीपासून घरात होती. पानाचा तोबरा भरलेली, आवाजानं करडी, हातानं फार मऊ. मी गरम पाणी, कापूस, लायसॉल मांडून ठेवलं, तर ते सगळं तिनं पदरानं बाजूला सारलं.

"महिपत, तुमच्या बाटलीतनं पोर निघत नाय," ती म्हणाली. "तुमी भायर बसा."

कळा रेंगाळत होत्या. अशा वेळी बाईच्या कमरेला आघाड्याची मुळी बांधतात. ती बांधली की मूल अडत नाही. पण मूल बाहेर आलं की मुळी तत्काळ सोडावी लागते. नाहीतर ती ओढतच राहते, मुलामागून आतलं बाकीचंही ओढून काढते. शिवाय मुळी वाटेल तेव्हा उपटून चालत नाही. आदल्या संध्याकाळी झाडाला बोलावणं करायचं, कोणासाठी न्यायचं आहे ते नाव घेऊन सांगायचं, आणि सकाळी लोखंड न लावता हातानं उपटून आणायचं.

दिवेलागणीला मी विहिरीवर होतो. गोदूबाई गडग्यापाशी वाकली. तिनं एका आघाड्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि बुडाशी जांभ्याच्या एका भोकात सुपारी बसवली. मग शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली,

"सगुणेसाठी बोलावते तुला. तिच्या आत हाय ता सुखानं भायर काढ. दुखवू नको. उद्या न्यायला येते."

मुळीची गरजच पडली नाही. उजाडायच्या आत मुलगी झाली. मथुरा. तिची नाळ कापून हात धुते न धुते तोच जयगडहून मचवा घेऊन माणूस आला. तिकडे एक बाई अडली होती. गोदूबाई तशीच गेली. त्या बाईची सुटका झाली, पण जयगडलाच दिलेली गोदूबाईची स्वतःची लेक काविळीनं गेली, आणि लेकीच्या पोरांपायी ती तिकडेच राहिली.

गडग्यावरच्या आघाड्याची कोणाला आठवणही झाली नाही. काम झालं होतं.

हलवून घ्यावे

पहिल्यांदा सुई निघाली.

सगुणा लहान असताना तिच्या टाचेत शिवणाची सुई मोडली होती. मथुरेला मांडीवर घेऊन ती अंगणात बसली होती. टाचेला काही टोचल्यासारखं वाटलं म्हणून तिनं हात लावला, तर अर्धी सुई बोटांत आली. रक्ताचा थेंब नाही. शेजारची ताजबी हसून लोळायची बाकी होती. "काय गो, पोरीबरोबर लोखंड पण जन्माला घातलंस," म्हणाली. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की अशा वस्तू शरीरात सरकत राहतात आणि कधीतरी बाहेर येतात. ते खरंच आहे. मी सुई स्पिरिटानं पुसून सगुणेला दिली. तिनं ती कुंकवाच्या करंड्यात ठेवली.

मग केस. बाळंतिणीचे केस जातातच. तिचे कंगव्याबरोबर येत, ओढ न बसता, मुळासकट.

मग दात. भात खाताना ती थांबे, दोन बोटांनी दात काढून ताटाच्या कडेला ठेवी आणि पुढचा घास घेई. मी तिचं तोंड उघडून पाहिलं. हिरडी गुळगुळीत होती, तिथे कधी काही नव्हतंच अशी.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "सुखानं निघतात."

हा शब्द तिनं कुठून आणला, असं तेव्हा मनात आलं नाही. चुना कमी पडतो, डॉक्टरसाहेब म्हणाले. मी चुन्याचं पाणी दिलं, लोहाचं मिक्स्चर दिलं. ती निमूटपणे घेत असे.

दुसऱ्यांदा दिवस राहिले. चौथा महिना असेल. ती पडवीत तांदूळ पाखडत होती. सूप बाजूला ठेवून उठली, न्हाणीत गेली, परत आली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. न्हाणीत काय होतं ते मी नंतर पाहिलं. ते मीच पुरलं. संध्याकाळी तिनं वरण-भात केला, मीठ बेताचं होतं. ती रडली नाही, म्हणून मी घाबरलो. रडू कधीचंच निघून गेलं होतं.

तिच्या अंथरुणात मला आघाड्याची बोंडं सापडू लागली. ती आता गडग्याकडे जात नव्हती. लुगड्याच्या आतल्या बाजूला, उशीच्या अभ्ऱ्यात, एकदा वेणीच्या पेडात. मी ती वेचून चुलीत टाकत असे.

मग नावं. बाजारात बांगडा दाखवून म्हणाली, हे द्या. पुढे ताजबीला नुसतं "बाय" म्हणू लागली. मथुरा तेव्हा पावलं टाकायला लागली होती. एके दुपारी ती धावत येऊन सगुणेच्या गुडघ्याला बिलगली. सगुणेनं तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून अगदी मोकळ्या चेहऱ्यानं विचारलं,

"कोणाची ओ ही? गोड आहे."

गोदूबाई दोन वर्षांनी, दसऱ्याच्या तोंडावर, मचव्यातून उतरून सरळ आमच्याकडे आली. लेकीची पोरं आता बापाच्या आईकडे होती. सगुणेला पाहून ती उंबऱ्यातच बसली. तोंडातलं पान तिनं अंगणात थुंकलं. मग तिनं मला विचारलं,

"ती मुळी कोनी उपटली?"

कोणीच नाही, मी म्हणालो.

आम्ही गडग्यापाशी गेलो. सगळीकडे आघाडाच होता, पण सुपारी जांभ्याच्या भोकात तशीच होती, उन्हापावसानं पांढरी पडलेली. तिच्याजवळचं झाड बोटाएवढ्या जाड दांड्याचं झालं होतं. मी विचारलं, आता काय करायचं? उपटायची, बांधायची आणि लगेच सोडायची, ती म्हणाली. गोदूबाईनं पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पाय रोवले.

जोर लागलाच नाही. झाड हातात आलं. खालचं टोक गुळगुळीत, गोल, बंद होतं. मुळी नव्हती. जमिनीत भोकही नव्हतं.

गोदूबाईनं ते टोक पुन्हा पुन्हा अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

"बांधलीच नाय," ती हळू म्हणाली. "तर सोडू काय?"

दिवाळीनंतर एके दुपारी सगुणा भिंतीला टेकून बसली होती. एक श्वास बाहेर गेला. मी पुढच्याची वाट पाहत राहिलो.

खांदा देणाऱ्यांनी तिरडी उचलली आणि वजनच न लागल्यानं एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी अस्थी वेचायला गेलो. राख बोटांनी चाळली, पुन्हा चाळली. शेवटी समुद्रात राखच सोडली.

मुलांच्या हाती लागू देऊ नये

गोदूबाई परत गेली नाही. आमच्याकडे राहून तिनं मथुरेला वाढवलं. आघाड्यापासून पोरीनं लांब राहावं म्हणून ती तिला हे सगळं सांगायची: झाडाशी कसं बोलतात, सुपारी कुठे ठेवतात, आणि बोलावून न नेलं तर काय होतं. शेवटचा भाग पोरीला झेपण्यासारखा नव्हता, म्हणून तो ती हलका करून सांगे. मग झाडाला वाईट वाटतं, एवढंच म्हणे. मी ऐकत असे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोदूबाई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली.

दर पावसाळ्यानंतर मी गडगा साफ करतो. प्रत्येक झाड उपटून त्याची मुळी बघतो. सगळ्यांना मुळी असते.

मथुरेचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा ती भोकाड पसरून रडली. हिरडीतून रक्त आलं. दुखतंय, दुखतंय, म्हणत ती अंगणभर नाचली, आणि मला इतकं हसू आलं की ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तिला आत्या नाही, मावशी नाही. मी आहे, आणि पलीकडे ताजबी.

माझा अंगठा ठणकायला लागला की मथुरा तो आपल्या दोन्ही मुठींत धरून बसायची.

रिकामी बाटली परत आणावी

या आश्विनात, दवाखान्यात मलम घोटत असताना, फरशीवर टिक् असा आवाज झाला. काचेची कपची होती. अंगठ्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. घरी येऊन मी कपची मथुरेच्या तळहातावर ठेवली. तिचे डोळे चमकले.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कोणाला?"

"आघाड्याला. गोदूआजीसारखं. तुमच्या डब्यातली सुपारी घेतली. माझ्या बाबांच्या आत आहे ते सुखानं बाहेर काढ, दुखवू नको, उद्या न्यायला येते."

"कधी सांगितलंस?"

"पाऊस उघडला तेव्हा."

"मग न्यायला गेलीस ना?"

तिनं जीभ चावली. "दुसऱ्या दिवशी ताजबीच्या लेकीचं लग्न होतं ना. विसरले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला वाईट वाटलं असेल का? चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. "छान केलंस."

तिनं मला ते झाड दाखवलं. सुपारी अजून तांबूस होती. मी तिला माझ्यासमोरून बाजूला केलं आणि दांडा धरला.

तो लगेच हातात आला.

ते टोक तिला दिसू नये म्हणून मी मुठीत झाकून घेतलं.

*

सकाळी दात घासताना दोन दात हातात आले. धुऊन कोनाड्यात ठेवले. दुखलं नाही.

*

दवाखान्यात एक बाई बाटली परत घेऊन आली. कानात घालायच्या औषधावर पोटात घेण्याचे अशी चिठ्ठी होती. अक्षर माझं होतं. डॉक्टरसाहेबांनी मला काही दिवस घरी बसायला सांगितलं.

*

मी ताजबीकडे गेलो. मला काही झालं तर तिला तुझ्याकडे ठेव, म्हणालो. ताजबी रडली आणि हो म्हणाली. त्यामुळे ते काम झालं आहे. कोणाला ठेवायचं ते ताजबीला माहीत आहे.

*

रात्री सदऱ्याच्या आत बोंडं होती. वेचली नाहीत.

*

करंड्यात एक मोडकी सुई सापडली. ती का जपून ठेवली असेल, कळत नाही.

*

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा भीती वाटत होती, असं वरचं वाचून वाटतं. आता नाही. छान हलकं वाटतं.

*

अंगणात एक मुलगी खेळते आहे. आठेक वर्षांची असेल. परकराच्या काठाला आघाड्याची बोंडं चिकटली आहेत. मधूनच थांबून ती माझ्याकडे बघते, काहीतरी हाक मारते आणि वाट बघत उभी राहते.

गोड आहे. कोणाची आहे, ते विचारायला हवं.