‘औट’ म्हणूनही न थांबणारा आवाज

"अँटेना काढ! आधी ती अँटेना काढ!" धाकटी बहीण कश्मिरा पाय वर घेऊन पलंगावर चढली. "त्या डब्यात माणूस आहे!"

"डब्यात नाही गं, हवेत आहे," भार्गवी म्हणाली खरी, पण हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट तीही दोन पावलं मागे सरकली.

सकाळपासून सगळं कसं मजेत चाललं होतं! थंडीची सुट्टी, धुक्यात बुडालेली विमानतळाजवळची एयरोसिटी वसाहत, आई ऑफिसला आणि टेबलावर बाबांचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा एकमेकांशी बोलायचा सेट. बाबांचं पोस्टिंग लेहला. ‘सेट साफ करून ठेव, हवं तेवढं ऐक, पण बोलायचं बटण दाबायचं नाही! परवाना माझा आहे,’ असं ते दहादा बजावून गेले होते. भार्गवीने झाकण उघडून धूळ झटकली, अँटेनाच्या तारेचा सैल जोड घट्ट केला, सेट लावला... आणि खर्र्र करत तो आवाज आला. म्हातारा, ओलसर, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"बे... औट... सात. तीन... औट... साडेदहा..."

"दीदी, ये भूत टेबल पढ़ रहा है!" सगळ्यात धाकटा भाऊ शुभंकर किंचाळला. त्याला मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

"थांब रे! आधी बिघाड शोधू."

तिने अँटेना काढली. आवाज गप्प! लावली. पुन्हा हजर! तार हलवून पाहिली, वीज सोडून सेट बॅटरीवर चालवला. आवाज जसाच्या तसा.

"म्हणजे आपला सेट ठणठणीत आहे. कुणीतरी खरंच बोलतंय."

तिने रेडिओ क्लबच्या ढिल्लों अंकलना फोन लावला.

"ओए पुत्तर, कोई पागल है!" अंकल वैतागले होते. "हर लाइन में ‘आउट’ बोलता है और चैनल छोड़ता नहीं! हम सब चिल्ला रहे हैं, सुनता ही नहीं. तू सेट बंद कर दे!"

रेडिओवर बोलणं संपलं की ‘आउट’ म्हणतात, हे भार्गवीला ठाऊक होतं. पण बे औट सात? दोनदा काय घेतलं की सात होतात?

"साडेतीन!" ती ओरडलीच. "औट म्हणजे साडेतीन! तीनदा साडेतीन, साडेदहा! अगं, हा जुना मराठी पाढा आहे! अंकलना ‘आउट’ ऐकू येतंय."

"मग तो कुणाचं ऐकत का नाही?"

"बोलायचं बटण दाबलेलं असलं की ऐकू येत नाही. त्याचं दाबलेलंच राहिलंय. तो आपल्याला ऐकू येतोय, पण आपली हाक त्याच्यापर्यंत पोचणारच नाही."

कश्मिरा पलंगावरून उतरून सेटजवळ आली.

"चार... औट... चौदा. पाच... औट..." लांबलचक श्वास. घरघर. "...चौदा. पाच... औट... नऊ..."

"गलत!" शुभंकर म्हणाला.

भार्गवी सेटवर वाकली. "मघाशी बरोबर येत होतं. आता चुकतंय. त्याला काहीतरी होतंय रे!"

तिने मदतीसाठी ११२ फिरवला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, पत्ता? तोच तर नव्हता!

इतक्यात छपरावर, धुक्याच्याही वरून विमान घोंघावत गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि त्याच क्षणी विमानाची तीच घरघर सेटमधूनही आली.

"एकाच वेळी! म्हणजे जवळच आहे! चला!"

बाबांचा हातात मावणारा छोटा सेट घेऊन तिघं धुक्यात शिरली. चार पावलांपलीकडचं झाडही दिसेना. भार्गवीने सेटची अँटेना काढून टाकली, म्हणजे फक्त जवळचंच ऐकू येईल. मग सेट छातीशी धरून ती स्वतःभोवती गोल फिरली.

"काय करतेयस?"

"आवाज विरला की समजायचं, माझं अंग आडवं आलंय. म्हणजे तो माझ्या पाठीमागे! तिकडेच चला!"

दोन गल्ल्या ओलांडल्या. आवाज मोठा होत गेला, शब्द मात्र संपले. आता नुसता श्वास. धुकंच श्वास घेतंय असं वाटावं. आवाज सगळ्यात मोठा झाला तिथे, एका तिमजली कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, फाटकाशी चौकीदार चहा पीत शेकत बसला होता. भिंतीवरून अँटेनाची तार वर गच्चीकडे गेली होती.

"वर कोण राहतं, भैयाजी?"

"वामन अंकलजी. पर वो तो कल पुणे चले गए. जाओ, खेलो कहीं और!"

"कल तो फ्लाइट कैंसल थीं! धुंध में!" शुभंकर मध्येच म्हणाला.

"अरे, ऊपर कोई नहीं है!"

वाद घालायला वेळ कुणाला होता! भार्गवीने फाटकावरचं सगळ्यात वरचं बटण दाबलं आणि सेट चौकीदाराच्या कानाशी धरला.

ट्रिंग! सेटमधून घंटी वाजली.

चौकीदाराच्या हातातला कप खाली पडला. "हे राम! चाबी... चाबी लाता हूँ!"

गच्चीवरच्या खोलीचं दार उघडलं. उबट, गुदमरवणारी हवा अंगावर आली. फटी कागदाने बंद, कोपऱ्यात कोळशाची पेटती अंगीठी, टेबलावर उघडा रेडिओ आणि त्यावर पालथे पडलेले वामनकाका. माईक गालाखाली दबलेला.

"कुणी श्वास घेऊ नका! कोळशाचा विषारी वायू आहे!" भार्गवी ओरडली. चौकीदाराने श्वास रोखून काकांना खांद्याखाली धरलं, तिने पाय उचलले आणि दोघांनी त्यांना बाहेर गच्चीवर आणलं. कश्मिराने बाहेरूनच खिडकी फोडली. शुभंकर फोनवर पत्ता सांगत होता, अगदी मजल्यासकट!

"दहा मिनिटं उशीर झाला असता, तर मला काहीच करता आलं नसतं," संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले.

न सांगता घराबाहेर पडल्याबद्दल आई आधी तिघांवर कडाडली, मग तिघांनाही एकदम मिठीत घेऊन उभी राहिली. ढिल्लों अंकलनी तर चक्क स्वतःचे कान पकडले.

"पुत्तर, हमने शोर सुना. तूने आदमी सुना."

वामनकाका हवाई दलातले निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ. नवा माईक जोडून झाल्यावर ‘हॅलो, हॅलो’ऐवजी ते लहानपणचा पाढा म्हणत तपासणी करायचे. त्यांनी हळूच ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"पोरी, माझा आवाज तुला ऐकू आला, हे माझं नशीब," ते धापा टाकत म्हणाले. "पण माझी चूक ऐकू आली, ही तुझी हुशारी!"

भार्गवी काही बोलणार, तोच नर्सताई धावत आल्या. "अंकल जी! बातें बाद में!" असं म्हणत त्यांनी मास्क पुन्हा जागच्या जागी चढवला. मास्कच्या आत काका हसत होते आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर त्यांच्या श्वासाची वाफ उमटत होती, एकसारखी, नियमित.