राहिलेली गाठ

नविन काकड्या धोदडे, वय एकतीस. तलासरीच्या डोंगराकडील एका पाड्यावर भर दुपारी तो घरातील गाठी सोडत होता. बाळंतपण अडले की घरात एकही गाठ बांधलेली राहू नये, असा तिथला रिवाज. त्याची बायको योगिता सातव्या महिन्यात होती. सकाळपासून तिचे पोट फुगत चालले होते, उलटी हिरवी पडत होती.

“आय, दिवस भरले नाय अजून. जीप सांगितलीय,” नविन म्हणाला.

“येईल तवा येईल,” त्याची आई बुधीबाई म्हणाली. “शेळी सोडलीस, आन् तुझ्या कमरेच्या करगोट्याची गाठ कोण सोडल? तुझा बाप?”

चटईवरून योगिता कण्हली. “या बाळाच्या कळा नाय, आय... कोणी आतडी पिळतंय...”

आता माळ्यावरची लाकडांची मोळी तेवढी उरली. नविनची पहिली बायको सोमी हिने ती बांधली होती, फक्त तीच मारायची तशी डाव्या हाताची गाठ मारून. सोमीच्या बाळंतपणात हीच एक गाठ सोडायची राहिली, आणि सोमी गेली. तेव्हापासून मोळीला कोणी हात लावला नव्हता.

माळ्यावर ओल्या रक्ताचा वास होता. नविनने दोर ओढला. गाठ सुटण्याऐवजी आवळली, आणि खाली योगिता किंचाळली. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा तीच किंकाळी. मग दोराचा पीळ त्याच्या मनगटावर चढला, कातडीत रुतला, हाड करकरले.

“कापू नको... गाठ सोडायची असते, नविन...” कानाशी सोमीचा आवाज आला.

त्याने कमरेचा कोयता काढून दोरावर घातला. दोर तुटला. खाली योगिता रक्त ओकली आणि निपचित पडली.

जीप आल्यावर डहाणूच्या दवाखान्यात नेऊन तिचे पोट उघडले. हातभर आतडे काळे पडले होते. ते काढावे लागले. बाई वाचली, गर्भही राहिला. बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाई नविनच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहत राहिल्या.

“अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशनमुळे आत एक पट्टा तयार झाला होता. त्याचाच आतड्याला फास बसला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण तो मी कापला नाही. पोट उघडलं तेव्हा तो कापलेलाच होता... धारदार पात्याने.”

नविन घरी परतला तेव्हा मोळी माळ्यावर जागच्या जागी होती. तुटलेली दोन्ही टोके पुन्हा बांधलेली होती, डाव्या हाताच्या गाठीने.

पुढे योगिताला मुलगी झाली. धोदड्यांच्या घरी आता मोळी बांधत नाहीत. लाकडे सुटीच आणतात, आणि त्या माळ्यावर कोणी चढत नाही.