धुतलेला डबा

"बाई, माळावर जाताव तं जावा. पर सोमी कंच्या डब्यातलं पानी पिनार, ते हितंच ठरवून जावा."

गाडीवान गोमाची बायको धोंडूबाई विहिरीवर डबे भरून देताना असं म्हणाली होती. विमल हसली होती. "अहो, त्यात ठरवायचं काय? पाणी सगळ्यांचं एकच." कॉलेजच्या वादसभेत याच विषयावर तिने टाळ्या मिळवल्या होत्या. कडेवरचा तिचा मुलगा पदू कानातली कुडी ओढत होता, त्या गडबडीत धोंडूबाईच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिण्याच्या पाण्याचा डबा रिकामा निघाला.

सहल ही भास्कररावांच्या, म्हणजे विमलच्या नवऱ्याच्या डोक्यातली. वाळवंटातून मोटारी हाकत, तंबू ठोकत जाणाऱ्या साहेबांचे फोटो त्यांनी एका विलायती मासिकात पाहिले होते. अरबस्तान काही मुंबईहून सुटीत जाण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी कर्जतच्या पलीकडचा, खालापूरच्या अंगाचा हा कातळमाळ शोधून काढला. वैशाखात त्यावर गवताची काडी उरत नाही. ओढे वाळून नुसते धोंडे होतात. "हे आपलं घरचं वाळवंट!" म्हणत त्यांनी आधी गाडीवाटेने आणि वाट संपल्यावर वाटेविनाच मोटार वर चढवली.

मागून गोमाची बैलगाडी. तिच्यात तंबू, बिछाने, ट्रंक आणि पाण्याचे दोन मोठे डबे. एक पिण्याचा, एक बैलांचा आणि मोटारीचा. इंदूआत्यांची पितळी कळशी वेगळी. त्या भास्कररावांच्या विधवा आत्या. दुसऱ्या कुणाचं पाणी घेत नसत. वाट दाखवायला आणि सरपण गोळा करायला कातकरवाडीतली सोमी होती, आणि सोमीचा पदर धरून तिची लहानगी भागी.

वर पोचल्या पोचल्या विमलने पिण्याच्या डब्यातलं पाणी पदूला पाजलं. मग तंबू उभे राहिले. दिवस मावळताना भागीने त्याच डब्यात सरळ गडू बुडवला आणि कोपरापर्यंत हात भिजवून ती पाणी प्यायली.

"ए, ए! सोड त्ये!" गोमा धावला.

"पिऊ दे रे!" भास्करराव मोठ्याने म्हणाले. "पोरीला तहान लागली आहे. यापुढे सगळे याच डब्यातलं पिणार." आणि त्यांनी विमलकडे पाहिलं. विमलने मान डोलावली.

जेवणं झाली. भास्करराव काकड्या सोलून सोलून खात राहिले. पदूसाठी पाणी विमलने आत्यांच्या कळशीतून मागून घेतलं.

आणि सकाळी हा प्रकार.

"कातकरनीचं काम," गोमा म्हणाला. "खाली वाडीत पानी नाय त्यांच्या. नेलं आसंल भरून."

सोमी चुलीशी लाकडं मोडत होती. "मी नाय नेलं."

"मग काय माकडांनी नेलं गं?"

सगळे भास्कररावांकडे पाहू लागले. ते मोटारीचं बॉनेट उघडून आत वाकले होते. "जाऊ दे ना," ते आतूनच म्हणाले. "असेल नेलं. गरीब माणसं."

सोमी उठली. गाडीतलं मडकं तिने कमरेला लावलं. "भरून देते तुमचं पानी. मंग बोला." भागी तिच्या मागे धावली, तशी तिने पोरीला परत फिरवलं. "तू बस हितं. बाळाकं बघ."

ती दरीत उतरली. विमलने तिला जाताना पाहिलं. थांब म्हणाली नाही.

ऊन चढलं. कातळ तापून पायाला चटके बसू लागले. सोमी परतली नाही.

"पळाली," गोमा म्हणाला.

"कुणी तरी बघून या ना," विमल म्हणाली.

"एवढ्या उन्हात? चोरामागं?"

"उन्हं कलली की बघू," भास्करराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

भागी गाडीच्या सावलीत बसून पदूवरच्या माश्या वारत होती. दर थोड्या वेळाने ती दरीच्या काठाकडे पाही आणि पुन्हा हात हलवू लागे.

पोर इथे टाकून कुठली आई पळेल? सोमी चोर ठरली, तर उन्हं कलेपर्यंत कुणी तिला शोधणार नव्हतं. आणि खाली ती पडली असेल, तर तोवर जगणार नव्हती.

विमलने रिकामा डबा उचलला. आतून तो लखलखत होता. तिने नाक जवळ नेलं, आणि डबा तसाच घेऊन ती गोमाकडे गेली.

"गोमा, हा डबा तू घासलास?"

"मी कशाला? मी घासतो मातीनं, त्ये पन विहिरीवर. हितं घासायला पानी कोन नासंल?"

"बैलांचा डबा भरलेला आहे?"

"काठोकाठ हाय. रातच्याला एकदा पाजलं न् परत झाकून ठेवला."

"मोटारीत पाणी घातलंत का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"नाही. आत पुरेसं आहे." त्यांनी बॉनेट धाडकन बंद केलं. "तू कशाला उन्हात फिरतेस?"

आत्या तंबूत जप करत होत्या.

"आत्या, हा डबा तुम्ही घासलात का?"

"मला काय करायचाय तुमचा डबा? माझी कळशी आहे."

"जरा वास घेऊन बघता?"

आत्यांनी मान पुढे केली आणि पदर नाकाला लावला. "शी! साबण! त्यात चरबी असते म्हणतात. पाण्याच्या भांड्याला कुणी लावतं का?"

विमल तंबूमागे गेली. तिथे एका काटेरी झुडपाच्या बुडाशी पिवळ्या फुलपाखरांचा थवा बसला होता. पंख मिटून, एकमेकांना चिकटून, जमिनीला सोंड लावून. अख्ख्या माळावर दुसरीकडे कुठेही एक फुलपाखरू नव्हतं. तिने वाकून माती दाबली. वरून पापुद्रा सुकलेला, पण आत बोट ओलं झालं.

परत येऊन तिने सगळ्यांना ताडपत्रीखाली बोलावलं. भागीला मुद्दाम पदूजवळच राहू दिलं.

"पाणी कुणी नेलेलंच नाही," ती म्हणाली. "ते तंबूमागे ओतलंय. माती अजून ओली आहे. चोर पाणी घेऊन जातो. ओतून, वर डबा घासून ठेवत नाही. आणि वाडीसाठी न्यायचं असतं तर बैलांचं पाणी चाललं नसतं का? त्या डब्याला कुणी हातही लावला नाही. रिकामा झाला तो एकच डबा. भागीचा हात गेला तो."

गोमाने डोक्यावरचं मुंडासं काढलं. "देवाशप्पत बाई, मी नाय."

"तू नाहीस. तू ओतलं असतंस तर पुन्हा आणायला तुलाच खाली जावं लागलं असतं. आत्याही नाहीत. त्या डब्याशी त्यांचा संबंध नाही, आणि साबणाला त्या शिवणार नाहीत. इथे साबण एकाच ट्रंकेत आहे." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आपल्या. तुम्ही रात्री काकड्या खाल्ल्यात. सगळे याच डब्यातलं पिणार म्हणालात, आणि त्यातला एक घोट घेतला नाहीत."

भास्कररावांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, सकाळी उठून गोमाला पाठवू, गुपचूप भरून आणू," ते म्हणाले. "तर हा माझ्याआधी उठला. मग सगळ्यांदेखत कसं सांगू? संध्याकाळी मीच तर एवढं बोललो होतो."

"म्हणून ती चोर?"

"मी चोर म्हणालो नाही!"

"असेल नेलं, म्हणालात."

ते एकदम उसळले. "आणि तू गं? पदूला कळशीतलं पाणी का पाजलंस? मी पाहिलं ना! तूच तोंड फिरवलंस, तेव्हा मला कळलं की हा डबा आता आपल्या घरात चालायचा नाही."

जंतू. कॉलेजात शिकलेला तो शब्द विमलच्या जिभेवर तयार होता. पण त्याच डब्यातलं, न उकळलेलं पाणी वर आल्या आल्या तिने स्वतःच्या हाताने पदूला पाजलं होतं. तेव्हा तिला जंतू आठवले नव्हते.

"हो," ती म्हणाली. "मी त्यातलं पाजलं नाही, तुम्ही ते ओतलंत. आता चला. ती पळालेली नाही. ती खाली पडली आहे."

गोमा आधीच काठाकडे धावत सुटला होता. पदूला आत्यांच्या मांडीवर ठेवून विमल वळली, तोच आत्यांनी कळशी पुढे सरकवली.

"ने ही."

"आत्या, पण तुम्ही..."

"ने म्हटलं ना. मी आज उपास धरीन."

वाळलेल्या ओढ्याच्या पात्रात सोमी सापडली. गावच्या विहिरीवर तिला कोण भरू देणार होतं? तिने धोंडे बाजूला करून वाळूत हातांनी खड्डा खणला होता. उजव्या हाताच्या बोटांची नखं निघून आली होती. ती खड्ड्याशेजारी आडवी पडली होती, ओठ फुटलेले, अंग फणफणलेलं. मडकं मात्र तिने सावलीला, खडकाच्या खोबणीत ठेवलं होतं. तळाशी गढूळ पाणी होतं. त्यातला थेंबही ती प्यायली नव्हती; ते 'तुमचं पानी' होतं, भरून द्यायचं. विमल तिच्याशेजारी बसली.

तिने सोमीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळशी तिच्या ओठाला लावली. पाणी आधी गालांवरून ओघळलं. मग घशात घोट हलला. भास्करराव उपरण्याने वारा घालत होते.

"भागी?" डोळे न उघडताच सोमी म्हणाली.

"वर आहे. बरी आहे."

उन्हं कलल्यावर तिला आधार देत वर आणलं. भागी येऊन तिच्या गुडघ्यांना बिलगली. सोमीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने मडकं उचललं आणि ते गढूळ पाणी त्या लखलखीत डब्यात ओतलं.

"भरलं तुमचं," ती म्हणाली.

"सोमी, चूक माझी होती," भास्करराव म्हणाले. "पाणी मी..."

ती ऐकायला थांबली नाही. पोरीचं मनगट धरून ती माळ उतरून गेली. ती वळून पाहील असं विमलला वाटत होतं. तिने पाहिलं नाही.

पावसाळ्यानंतर विमलने गोमाकडे चौकशी केली. वाडी उठून गेली होती, कोळसा पाडायला, कुठल्याशा रानात. पुढच्या वर्षी काही घरं परत आली. त्यांच्यात सोमी नव्हती. पोर आजारी होती, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, ती दुसरीच. भास्करराव हा विषय निघाला की वर्तमानपत्र उघडतात. विमल पदूला पाणी देते आणि त्याचं पिऊन होईपर्यंत पेल्याकडे पाहत राहते.

म्हणून वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. खोपोलीच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याशी जाणं झालं आणि रानात भट्टीचा धूर दिसला, तर जरा वाट वाकडी करा. काटक बांध्याची बाई असेल, उजव्या हाताची नखं वेडीवाकडी उगवलेली. आता मोठी झालेली पोर असेल तिच्याबरोबर, भागी नावाची. आमचं नाव सांगू नका. नुसती ती पोर आहे ना, बरी आहे ना, एवढं पाहून या. आणि जे दिसेल ते कळवा.