येणारे, जाणारे

कयाक उलटी आली आणि भैरवीचा फॉर्म तिथंच बिघडला.

फॉर्मवर रकाने दोनच — येणारे आणि जाणारे. हा गृहस्थ तोंडानं जात होता आणि पाठीनं येत होता.

कतारमध्ये अल खोरच्या पुढं तिवरांची एक खाडी आहे. वर्ल्ड कपचे पाहुणे कयाकच्या वल्हवायच्या चिमुकल्या होड्या घेऊन तिथं घुसले तर रोहित पक्ष्यांचं कसं व्हायचं, या काळजीपोटी एका कंपनीनं नाशिकच्या भैरवीला खुर्ची, छत्री आणि मुठीत मावेल असा काउंटर देऊन काठावर बसवलं होतं. समोरून कयाक गेली की अंगठ्यानं टक्. तासाला चाळीसच्या वर टक् झाले, की ती गर्दी.

"आता या येड्याला कुठं लिहू?" ती पुटपुटली.

"येड्यांसाठी वेगळा रकाना नाही?" पाण्यातून चक्क मराठीत उत्तर आलं. "वळवता येत नाहीये हो, म्हणून असा. मी सागर."

"नाव सागर, आणि—"

"आणि पोहताही येत नाही. घरच्यांनी न विचारता ठेवलंय."

वल्ह्याचं खारं पाणी तिच्या कागदावर उडालं. तिनं रागानं वर पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

सागर लुसैलच्या स्टेडियममध्ये खुर्च्यांचे नंबर तपासायचा. "तुम्ही भरलेल्या होड्या मोजता, मी रिकाम्या खुर्च्या. आपलं जमायला हरकत नाही."

"इन्शाल्ला," ती म्हणाली. म्हणजे नाही.

पुढच्या शुक्रवारी तो सरळ आला. आत गेला, बाहेर पडला, पुन्हा आला. तासाला चार फेऱ्या, अख्खी सकाळ. बाहेर पडताना दर वेळी "येतो हं!" 'जातो' म्हणायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. येतो म्हणणारा माणूस जाणाऱ्यांत लिहिताना भैरवीला हसू यायचं. नियम असा, की माणूस तोच असला तरी समोरून गेला की मोजायचा. चारदा आत, चारदा बाहेर. आठ टक्. त्याच्या वेळी अंगठा काउंटरवर जरा रेंगाळायचा...

असे अकरा शुक्रवार गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र कुणी मोजलं नाही.

बाराव्या आठवड्यात कंपनीच्या मजीदसाहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं. "शुक्रवारची सरासरी तासाला त्रेचाळीस! वर्ल्ड कप होईपर्यंत खाडी बंद. एक्सलंट वर्क, भैरवी." खाडी बंद म्हणजे मोजणी खलास, आणि मोजणी खलास म्हणजे कॉन्ट्रॅक्टही. परतीचं तिकीट शनिवारचं.

शुक्रवारी ती छत्री आणायला गेली, तेव्हा खाडीच्या तोंडावर साखळी लागली होती. सागर कोरडा उभा होता.

"त्रेचाळीसातले आठ तुझे," ती म्हणाली.

"म्हणजे गर्दी मीच?" तो हसायला गेला, जमलं नाही. "अगं, मला सोडून मोजायचं ना! पस्तीसच झाले असते. तू राहिली असतीस."

"नियम होता." तिनं छत्री मिटली. "आणि... नियम नसता, तरी मोजलं असतं मी तुला. दर वेळी."

रोहित पक्षी एका पायावर निवांत उभे होते. गर्दीबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मला फायनलपर्यंत हलता येणार नाही," सागर म्हणाला. "दहा महिने. पण फोन करीन. रोज."

भैरवीनं मान हलवली. तिच्या खोलीतल्या नमितालाही असे फोन यायचे. आधी रोज, मग शुक्रवारी, मग ईदला.

"यल्ला, यल्ला!" तिला न्यायला आलेला पिकअपवाला घाई करत ओरडला.

तिनं फॉर्मचा गठ्ठा सागरच्या हातात ठेवला. "येते," म्हणाली.

त्यानं पेन काढलं. दोन्ही रकान्यांकडे पाहत राहिला.

"भैरवी... हे कुठं लिहू?"

पुढची सीट रिकामी होती. ती मागं हौद्यात चढली आणि छत्रीशेजारी, त्याच्याकडे तोंड करून, उलटी बसली.

पिकअप निघाली. तोंडानं ती येत होती आणि पाठीनं जात होती.