दोरा कापला त्या शनिवारी

निहारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात कात्री होती… आणि ती माझ्या लेकीच्या मानेजवळ होती.

अमेरिकेतलं मॉरिसव्हिल, शनिवारची सकाळ, अनयाच्या शाळेचं मैदान. मैदानभर पसरलेल्या, पावसानं भिजलेल्या वुडचिप्सचा, म्हणजे लाकडाच्या ढलप्यांचा, ओलसर वास सुटला होता. अनया घसरगुंडीच्या माथ्यावरून खाली झेपावणार, तेवढ्यात तिथं वाकून काहीतरी मोजणारा एक उंच माणूस ओरडला, "स्टॉप!" एका हातानं त्यानं तिला कवटाळलं, दुसऱ्या हातानं कात्री चालवली. मी धावत पोहोचेपर्यंत तिच्या गळ्यातला काळा दोरा तुटून ताईतासकट खाली पडला होता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" भीतीनं माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"सॉरी," तोही मराठीतच म्हणाला. "दोरा बोल्टच्या फटीत अडकला होता. ती घसरली असती तर…"

लाकडी गोटी बांधलेली एक दोरी त्यानं खिशातून काढली आणि त्याच फटीवरून सोडली. गोटी अडकली. त्यानं जोरात ओढलं, तरी सुटेना.

"आम्ही असंच टेस्ट करतो," तो हळूच म्हणाला.

मी तिथंच ओल्या चिप्समध्ये बसले.

माझा नवरा सुमंत दोन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात गेला. त्यानंतर सासूबाईंनी सांगलीहून तो दोरा पाठवला होता. पोरीला जपण्यासाठी. मी तो आंघोळीलाही काढत नव्हते.

"माझी आजीपण बांधायची," तो म्हणाला. "पण मैदानावर गळ्यात काही नको. स्कार्फ नको, हुडीची नाडीसुद्धा नको."

निहार जन्मला-वाढला अमेरिकेतच, ट्रॉयमध्ये. आता इथल्या शाळांची मैदानं तपासायचं काम करायचा. त्यानं घसरगुंडी पिवळी फीत लावून बंद केली आणि मग दुरुस्तीसाठी दर शनिवारी येत राहिला. आम्ही काही पालक झोक्यांखाली नवीन चिप्स पसरायचो. थर किती जाड झाला ते मोजायला तो पट्टी खुपसायचा, मी आकडा वाचायचे.

"किती?"

"सात इंच."

"नीट बघ."

"इंजिनिअर आहे मी."

"म्हणून तर दोनदा विचारतोय, यार. इंजिनिअर्स राउंड ऑफ करतात."

मी हसले… आणि हसता हसता दचकून मागे वळले. अनया कुठंय?

"माकडशिडीवर," तो पट्टीवरची नजर न काढता म्हणाला. "तिसऱ्या दांडीला लटकलीये. दोन्ही हातांनी."

दोन वर्षं तिच्यावर नजर ठेवणारी मी एकटीच होते. त्या क्षणी खांद्यावरून काहीतरी उतरलं… आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सगळं सांगितलं.

"मी दोरा जपायला पाठवला," त्या म्हणाल्या, "आणि त्यानंच…" पदर तोंडाशी गेला. "कापला ते बरं झालं, पोरी. कोण म्हणालीस तो?"

"निहार."

"चहा तरी विचारलास का त्याला?"

"नाही, आई."

"मग कसली गं तू. माणूस पोरीला वाचवतो, आणि ही त्याच्यावर ओरडून येते."

पुढच्या शनिवारी मी विचारलं. "उद्या चहाला येता का? चारला."

त्यानं हातांना लागलेला लाकडाचा भुसा झटकला. "फक्त चहा?"

हसून टाळता आलं असतं. पण मला खरं तेच बोलायचं होतं.

"माहीत नाही… सुमंत साडेसहाला घरी यायचा. अजूनही साडेसहाला माझे कान दाराकडे असतात. पुन्हा कुणाची वाट बघायची म्हटलं की भीती वाटते, निहार."

तो बाजूला बसला. जवळ, पण हात न लावता.

"हे मैदान सेफ आहे, असं मी कधीच लिहून देत नाही," तो म्हणाला. "आज तपासलं, एवढंच लिहितो. आणि पुन्हा येतो तपासायला. याहून मोठं प्रॉमिस कुणालाच करता येत नाही गं. पण… उशीर होणार असेल तर फोन करेन. दर वेळी."

माझे डोळे भरून आले. पलीकडे अनया झोक्यावर कुणाला तरी आणखी उंच झोका द्यायला "हायर, हायर" म्हणत होती, आणि मी वळून पाहिलं नाही.

"फोन कर," मी म्हणाले. "पण ये."